चिकटपट्टीखालच्या चार मात्रा

बँडवाल्याला ऐकून वाजवता आलं की झालं. मी एखादं गाणं तीनदा ऐकलं की संध्याकाळच्या लग्नात वाजवतो, तेही गाणारीने जिथे श्वास घेतला तिथेच श्वास घेऊन. धुळ्यात हे माझ्याइतकं कोणाला जमत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

एक्याण्णव साली आमचे मालक रुपचंदभाऊ यांनी कॅसिओ आणला. हातगाडी, तिच्यावर दोन कर्णे, मागे जनरेटर. कॅसिओतून सनई निघते, बासरी निघते, क्लॅरिनेटही निघतं म्हणे. निघतं कसलं, नाकातून बोलल्यासारखं येतं. माझं क्लॅरिनेट मेरठचं, बावीस वर्षांचं. त्याला दोन चिरा, त्यांत मेण भरलेलं, एक चावी रबरबँडने बांधलेली. रुपचंदभाऊंनी ते एकदा उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "जीवराम, तुनी हाई काठी फुटनी का मंग खुळखुळा धर."

बावीस वर्षं क्लॅरिनेट आणि आता खुळखुळा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नवीन घ्यायची ऐपत नव्हती.

स्टेशनाकडच्या मारुतीसमोर सायमनसाहेब राहायचे. चाळीसगाव पॅसेंजरचे रिटायर्ड गार्ड. तरुणपणी भुसावळला साहेबलोकांच्या नाचाला चौदा जणांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. काळ्या लाकडाचं, चांदीसारख्या चाव्यांचं ते क्लॅरिनेट अजून त्यांच्या घरी होतं. दात गेले, तोंडात धरता येईना, पण विकत कोणालाच देत नव्हते. मी सरळ जाऊन मागितलं.

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एक कॅसेट लावली. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे अमेरिकेतले नाचाचे बँड. पंधरा माणसं एकदम फुंकतात आणि मध्येच सगळे खाली बसल्यासारखे होतात. मग एकटं क्लॅरिनेट वर चढतं, कोणाच्या बापाला न विचारता. मी आयुष्यभर गाणाऱ्याच्या मागे मागे वाजवत आलो. त्या दिवशी मला त्या वाजवणाऱ्याचा हेवा वाटला, अगदी पोटात दुखेपर्यंत.

"हे गाणं मला वाजवून दाखव आणि क्लॅरिनेट घेऊन जा," साहेब म्हणाले.

पावसाळ्यात लग्नं नसतात. आठ दिवसांत सूर बसले, पण ताल बसेना. साहेब म्हणायचे, "तू ताशाच्या पुढे पळतोस. हा ताल जेवून निघालेल्या माणसाचा आहे, त्याला घाई नाही." मला अंगणात चालायला लावायचे. एक पाऊल लांब, एक आखूड, तेही जरा उशिराने. शेजारच्या प्रमिलाबाई कपडे वाळत घालताना विचारायच्या, पायाला काय झालं भाऊ? काय सांगणार, डोंबल! नवरात्रापर्यंत चाल अंगात उतरली. मी आमच्या ट्रम्पेटवाल्यांना, ढोलवाल्यालाही शिकवलं.

मग साहेबांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"मधल्या चार मात्रा कुठे आहेत?"

कॅसेट मागे कधीतरी टेपरेकॉर्डरमध्ये अडकून चुरगळली होती. साहेबांनी तेवढा तुकडा कापून दोन टोकं चिकटपट्टीने जोडली होती. तिथे गाणं उडी मारत होतं. मीही तिथेच उडी मारत होतो आणि अख्ख्या बँडला मारायला शिकवली होती.

"त्यात काय होतं ते सांगा, बसवतो."

"मला आठवत नाही. तू टाक."

"काय टाकू?"

"मी सांगितलं तर ती पुन्हा कॅसेटच झाली, जीवराम."

चार मात्रा म्हणजे किती? चार टाळ्या. महिनाभर घरी बसून पाहिलं. दर वेळी कुठल्या तरी सिनेमाचं गाणं बाहेर यायचं. दुसऱ्याचं सगळं पाठ, स्वतःचं काहीच नाही. फार लाज वाटली, खरं सांगतो.

तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला. एका लग्नात नवरदेव स्टेशनाकडच्याच मारुतीला निघाला. आमच्याकडे नवरदेव देवळात गेला की ती पाच मिनिटं बँडची. जनरेटर बंद, नाचणारे पाणी प्यायला पांगलेले. मी बँडला खूण केली. समोर ओट्यावर सायमनसाहेब खुर्चीत बसले होते.

सुरुवात झकास झाली. चार मात्रांची जागा आली, आधी सांगून ठेवल्याप्रमाणे बाकीचे थांबले, ढोल तेवढा चालू. आणि नेमकी क्लॅरिनेटची मेण भरलेली चीर उकलली. तोंडातली पत्ती अशी चिरकली की घोडा बिचकला.

बावीस वर्षं मी असली चिरक झाकत आलो. इथे झाकायला कोणाचा आवाजच नव्हता. मग तिलाच धरलं, ताणलं, लांब पाऊल, आखूड पाऊल करत खाली आणलं आणि पुढच्या सुरावर नेऊन सोडलं. तिथे बँड परत आला.

"काय वाजाडी ऱ्हायना तू?" रुपचंदभाऊ ओरडले.

साहेब उठून उभे होते. मला हाताने बोलावलं, आतून पेटी आणली, काळं क्लॅरिनेट जोडून माझ्या हातात दिलं. "आत्ता वाजवलंस ते परत वाजव."

मी वाजवलं. ते नव्हतं. पुन्हा वाजवलं, तरी नव्हतं. तीनदा ऐकून कोणाचंही वाजवणारा मी, मला माझ्याच चार मात्रा येईनात. क्लॅरिनेट पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि पेटी त्यांच्याकडे सरकवली.

"हरलो, साहेब."

त्यांनी पेटी परत माझ्याकडे लोटली. "नाही येणार. ते गेलं. भुसावळला आमचंही रोज असंच जायचं." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मला रडू आवरेना. नवरदेव देवळाबाहेर आला, जनरेटर सुरू झाला. रुपचंदभाऊंना वाटलं, काठी फुटली म्हणून रडतोय. दया आली असावी त्यांना. जवळ येऊन त्यांनी खुळखुळा माझ्या हातात दिला.

मी तो साहेबांच्या ओट्यावर ठेवला आणि पेटी उघडली.