जिभेखालची गोळी

"जीभ उचला," वनमाला म्हणाली. युवराजनं तोंड उघडलं. तिनं जिभेखाली गोळी ठेवली आणि ती विरघळेपर्यंत समोर बसून राहिली.

ऊसतोडीत युवराजची कंबर धरली, तेव्हा तिच्या या नवऱ्यानं दुखणं थांबवणारी इंजेक्शनं घ्यायला सुरुवात केली. दुखणं गेलं, सुई राहिली. केजच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं, या एका गोळीत दोन औषधं आहेत. एक तलफ शमवतं. दुसरं जिभेखाली गप्प असतं. पण हीच गोळी पाण्यात कालवून सुईतून घेतली, तर ते अंगावर उलटतं.

"आणि मनानं बंद करू नका," बाईंनी बजावलं होतं. "अंगाची सवय मोडलेली असते. मधेच सोडून जुन्या मापाची सुई घेतली, तर जीव जाईल."

युवराज पोटभर जेवू लागला. शेळ्या राखू लागला. लेकीची, सायलीची वेणी घालताना त्याचे हात थरथरेनासे झाले.

सासरे भगवानराव मात्र धुमसत होते. पारावर कुणीतरी म्हणालं होतं, सुई सुटली अन् गोळी लागली. दसऱ्याला त्यांनी पोराला देवीपुढं उभं करून शपथ घातली आणि उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या.

"मामा, औषध हाय ते."

"नशाच हाय. मर्द गडी गोळीवर जगत न्हाई."



युवराज घामेजत, तळमळत दिवाळीपर्यंत तगला. पाडव्याला सकाळी शेळ्यांच्या गोठ्यामागं सापडला. सुई दंडातच होती.

तेरावं झालं तरी माणसं बसायला येत होती. एका दुपारी भगवानराव चुलीपाशी आले.

"ती डॉक्टरीण कुठं बसती?"

"कुणासाठी?"

"तानाजी." धाकट्या लेकाचं नाव त्यांनी कसंबसं घेतलं. "त्याच्या बी दंडावर तसलेच डाग हायेत. गावात बोलू नको."

"मी संग येते. पर आधी भाईर सांगा, ह्यांला गोळ्यांनी न्हाई मारलं. त्या बंद केल्या म्हणून गेले."

भगवानराव उंबऱ्यात थांबले. उपरण्यानं डोळे पुसून बाहेर गेले.

ओसरीवर नव्यानं आलेल्या पाहुण्यानं विचारलं, "कशानं गेला हो?"

"गोळ्यांनी," भगवानराव म्हणाले.

तव्यावर भाकरी तशीच टाकून वनमाला बाहेर आली. सगळ्यांदेखत ओसरीवर बसलेल्या दिराला, तानाजीला म्हणाली, "भावजी, चपला घाला. केजला जायचंय, गोळ्या आणायला."