फौजदार भिंगरीची मिशी

मी एक जुनी खोटी मिशी आहे. मित्रांनो, हसू नका. किंवा हसा, माझं आयुष्य त्यातच गेलं. मूळची मी घोड्याच्या शेपटीतली. पुढे जाळीच्या कापडावर गाठी मारून मला थेट तोंडावर बढती मिळाली. अशी बढती फार थोड्यांना मिळते.

तो मूकपटांचा काळ. आमच्या स्टुडिओत मुलांचे विनोदी चित्रपट बनत. न्यायाधीश, डॉक्टर, चोर, सगळे पहिली-दुसरीतले. मोठ्यांचे कोट घालून ती मुलं गंभीर चेहऱ्याने मोठ्यांसारखी वागत आणि मोठी माणसं पोट धरून हसत. आपल्यालाच हसतोय, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

अशाच एका चित्रपटात भिंगरी फौजदार होती. बिनमिशीची. मी रंगभूषेच्या पेटीत पडून होते. चित्रपट अर्धा झाला आणि एका सकाळी तिचे पुढचे दोन दात पडले.

"चोरामागे दारात शिरते तेव्हा दात आहेत, बाहेर येते तेव्हा नाहीत!" दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसले. "लोक विचारतील, आत झालं काय?"

"अहो, दुधाचे दात. ते काय विचारून पडतात?" भिंगरीची आई म्हणाली.

"मग माझ्या पुतण्याला घ्या," स्टुडिओचे मालक म्हणाले. त्यांचा पुतण्या नेहमीच मोकळा असे.

भिंगरी ओठ घट्ट मिटून उभी होती. रडायला तोंड उघडावं लागतं, म्हणून रडतही नव्हती.

रंगभूषा करणाऱ्या बाईंनी मला झटकलं आणि डिंक लावून तिच्या ओठावर चिकटवलं. मी दातांच्या जागेवर पडद्यासारखी लोंबले.

"पण आत जाताना मिशी नव्हती!" दिग्दर्शक ओरडले.

"चोर पकडायला वेळ लागतो, साहेब. तेवढ्यात येते मिशी," बाई म्हणाल्या.

चित्रपट लागला. त्या दाराच्या प्रसंगाला रोज सगळं थिएटर हसून लोळायचं. वर्तमानपत्रांनी दिग्दर्शकांच्या कल्पकतेचं कौतुक केलं. माझा उल्लेख नव्हता.

मग बोलपट आले. मुलं बोलू लागली, तेही मोठ्यांनी लिहून दिलेलं. आमच्या चित्रपटाच्या फिती गोदामात चिकट होऊन वाया गेल्या. भिंगरीने मला बटणांच्या डब्यात ठेवलं. त्यानंतरचा सहवास हुकांचा.

परवा डबा उघडला. भिंगरीच्या पणतूचे पुढचे दात पडले होते, शाळेत वर्गाचा फोटो काढायचा होता, आणि तो पलंगाखालून बाहेर येत नव्हता.

"पणजी, सगळे हसतील गं!"

"हसतीलच. मग नीट हसवू या की."

तिने कवळी काढून ठेवली, मला ओठावर लावलं आणि फौजदारासारखी पलंगाखाली वाकली. आतून आधी एक फिस्स. मग खिदळणं. मग, "मला दे! मला!"

फोटो भिंतीवर लागलाय. पणतू तोंडभर हसतोय, मी त्याच्या ओठावर जरा तिरकी आहे. बाकीचा वर्ग त्याच्याकडे बघतोय. कॅमेऱ्याकडे एकाचंही लक्ष नाही.

मित्रांनो, दात पुन्हा येतात. त्या फिती येणार नाहीत. तेव्हा घरात असलं काही जुनं सापडलं तर फेकण्याआधी एकदा ओठावर लावून बघा. आणि मला धुवायचंच झालं तर कोमट पाण्यात. पिळू नका.