फेब्रुवारीतली चाचणी

येत्या शनिवारी ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला माझा अडीचशेवा सामना आहे. अशा सामन्याआधी खेळाडूच्या हातात जर्सी द्यायला त्याचं जवळचं माणूस बोलावतात. कुणी बापाला बोलावतं, कुणी बायकोला. माझी जर्सी मॅकाने द्यायची, असं संघातल्या पोरांनी परस्पर ठरवून टाकलं. नको म्हणायला कारण काय सांगणार? मंगळवारी सराव आटोपला आणि वॉरागुलला त्याच्या घरी गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मॅका म्हणजे डॅरन मॅकॉस्कर. नऊ वर्षं बचावफळीत तो माझ्या शेजारी खेळला. पंधरा दिवसांत दोनदा डोक्याला मार बसला आणि एकोणतिसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला. आता त्याला उजेड सोसत नाही, गाडी चालवता येत नाही.

दार त्याच्या बायकोने, टॅमसिनने उघडलं. "रस्ता सापडायला दोन वर्षं लागली होय रे, क्लिंट?"

मी हसलो. दुसरं काय करणार होतो!

मॅकाने संघातल्या टोपणनावाने हाक मारत मला कडकडून मिठी मारली. "प्राउझी! टक्कल पडलं की रे, म्हाताऱ्या!" चहा येईपर्यंत त्याने हेच आणखी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी नव्याने हसलो.

जर्सीचं कानावर घातलं तसे त्याचे डोळे भरून आले. क्लबचा टाय शोधायला तो आत गेला. टॅमसिन खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाली, "तुला एक विचारायचंय. दुसऱ्यांदा मार बसला त्या सामन्याच्या सकाळी त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. मी पाहिलं होतं. पण क्लब म्हणत होता, चाचणी एकदम चांगली झालीय. म्हणून मीच त्याला मैदानावर सोडलं. मी अडवायला हवं होतं ना रे?"

ती चाचणी मला पाठ आहे. दर फेब्रुवारीत, हंगाम सुरू व्हायच्या आधी, आम्हाला संगणकासमोर बसवतात. पडद्यावर पत्त्यांतलं पान उलटलं की बटण दाबायचं. तो वेग नोंदवून ठेवतात. पुढे डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा घेतात आणि वेग फेब्रुवारीइतका भरला की खेळायला मोकळे. मॅका संघात नवा होता, तेव्हा त्याला कोपऱ्यात घेऊन मी सांगितलं होतं, "फेब्रुवारीत मुद्दाम रेंगाळायचं, म्हणजे पुढे कधी बाहेर बसावं लागत नाही." मला माझ्या आधीच्यांनी तेच शिकवलं होतं. आम्ही स्वतःला मोठे हुशार समजायचो.

हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी बिस्किट चहात बुडवत बसलो.

टाय गळ्यात अडकवून मॅका बाहेर आला. "कसली चाचणी? ती पत्त्यांची? अगं, ती तर मला प्राउझीने शिकवली! फेब्रुवारीत झोपेत असल्यासारखं दाबायचं, मग डोकं फुटलं तरी पास!" तो खदखदून हसला. "साला काय डोकेबाज माणूस आहे!"

टॅमसिनने चहा ओतायला उचललेली किटली खाली ठेवली. "क्लिंट, खरं आहे हे?"

शनिवारी चाहत्यांनी धरलेला माझ्या नावाचा कागदी फलक फाडून मी मैदानावर धावत येणार होतो. हंगाम संपला की साहाय्यक प्रशिक्षकाची जागा मला मिळणार होती. हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं, आणि ते आलं याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

"त्याचा गोंधळ होतोय, टॅम," मी म्हणालो. "असं काही झालं नव्हतं."

तिने डोळे मिटले. "वाटलंच मला. म्हणजे चाचणी खरीच होती. मला डोळ्यांनी दिसत होतं, तरी मीच नेऊन सोडलं त्याला." ती कप गोळा करायला लागली.

मॅका कपाळ चोळत माझ्याकडे बघत राहिला. "तू नव्हतास? मला तर तुझा चेहरा दिसतोय रे."

"मी नव्हतो, मॅका."

"मग सॉरी, प्राउझी. हल्ली डोक्यात काहीही भरतं. उगाच तुझं नाव घेतलं. रागावला नाहीस ना?"

"चालायचंच, मित्रा," मी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि त्याला माफ केलं.