आलोचची दुर्बीण

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गावभर 'आलोच' म्हणत, आणि त्यात त्याला स्वतःला काही वावगं वाटत नसे. कुणाचा फ्रिज बंद पडला, दूध नासायला लागलं, की लोक फोन करत. हा म्हणे, "आलोच." आणि एवढं बोलून निवांत चहा घ्यायला बसे. फसवायचा हेतू तिळमात्र नसे. मनाने तो केव्हाच निघालेला असे, पाय तेवढे निघायचे राहत. काम मात्र इतकं चोख, की त्याच्या हाताखालून गेलेला फ्रिज पुन्हा कुरकुरत नसे. म्हणून लोक त्याला शिव्याही देत आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बोलावत.

तर या आलोचने दुर्बीण आणली. साधीसुधी नव्हे, कॉम्प्युटरवाली. खाली तिवई, तिवईवर एक जाडजूड मान, मानेवर नळी आणि हातात धरायला रिमोटसारखा एक डबा. डब्याला गाव, तारीख आणि वेळ सांगायची, की मान गुरगुरत आपणहून वळते आणि नळी एका ताऱ्यापाशी नेऊन थांबवते. आपण बटणं दाबून तो तारा बरोबर मधोमध घ्यायचा आणि 'हो, हाच' असं सांगायचं. मग तसाच दुसरा. दोन तारे नीट ओळखून दिले की यंत्राला सगळं आभाळ कळतं, पुढे नुसतं नाव घ्या, ते शोधून देतं. दुकानदार म्हणाला होता, लहान मूलसुद्धा लावेल. आलोचच्या घरात लहान मूल नव्हतं, लेक नोकरीला लागलेली होती, त्यामुळे ती सोय नव्हती.

दुर्बीण आणली ती ताईसाठी. दोघं शाळेत असताना एकदा मैदानावर शनीची कडी दाखवायला कुणीतरी दुर्बीण घेऊन आलं होतं. ताई रांगेत उभी राहिली आणि हा "आलोच" म्हणून कुठेतरी रेंगाळला. "माझा भाऊ येतोय" असं म्हणत ताई मागच्या प्रत्येकाला पुढे सोडत गेली. हा पोचला तेव्हा दुर्बीणवाली माणसं पेटीला कुलूप लावत होती. ताई त्यावर एक अक्षर बोलली नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीही नाही. तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं होतं. चार धपाटे घातले असते तर तो केव्हाच विसरला असता.

आता ताई लेकाकडे कायमची राहायला निघाली होती, विमानाने, पार दुसऱ्या टोकाला. जाण्याआधी एक दुपार भावाकडे घालवायची आणि संध्याकाळी साडेसातला टॅक्सी. म्हणजे अंधार पडल्यापासून टॅक्सी येईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात शनी दाखवायचा, नाहीतर विषय संपला.

त्यासाठी तो आठवडाभर आधीपासून गच्चीवर घाम गाळत होता.

"लोकांच्या मागे शनी लागतो," बायको म्हणाली, "तुम्ही एकटेच शनीच्या मागे लागलात."

"तू बघच," तो म्हणाला. "शेवटी मशीन आहे ते. मशीनला काय हवं ते कळलं की झालं."

मशीनला काय हवं ते त्याने पुस्तिकेत वाचलं होतं आणि एकही गोष्ट बाकी ठेवली नव्हती. तिवई तिरकी नको, म्हणून त्याने फ्रिज बसवताना लागणारी पाणसळ लावून ती काटेकोर सपाट केली. नळी आडवी करून तिचं तोंड होकायंत्र बघून उत्तरेला केलं. वेळेच्या बाबतीत तर त्याने डोळ्यांत तेल घातलं होतं. बैठकीच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ बघायचं, आकडा पुटपुटत जिना चढायचा आणि जिन्यात गेलेलं एक मिनिट त्यात मिळवून डब्यात भरायचं. खात्रीला खिशातला बटणांचा फोन होताच, तोही तीच वेळ दाखवत होता. एका मिनिटासाठी आलोच जिन्यातून धावतोय हे बघून शेजाऱ्यांना वाटलं, घरात कुणी आजारी आहे की काय.

एवढं करूनही रोज तेच. मान गुरगुरत वळायची, थांबायची. हा नळीला डोळा लावायचा, तर आत एक तारा असायचाच. दुर्बिणीतून कुठेही बघा, एखादा तारा दिसतोच, आणि तिथे सगळेच तारे ठसठशीत दिसतात. त्यामुळे मशीन इथे थांबलं आणि इथे तारा आहे, म्हणजे हाच, असा साधा हिशेब करून तो 'हो, हाच' म्हणायचा. दुसऱ्या ताऱ्यालाही तेच. मग डबा एकतर 'जमलं नाही, पुन्हा करा' असं म्हणायचा, किंवा म्हणायचा, जमलं, आणि ते जास्त वाईट असायचं. परवा जमलं म्हणाला म्हणून शनी मागितला, तर नळी समोरच्या इमारतीकडे वळली आणि दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीत जाऊन थांबली. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. डॉक्टर डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत चॉकलेट खात होते. त्यांनी मान वर केली, गच्चीवरची नळी आपल्यावर रोखलेली बघितली आणि पडदा ओढून घेतला. त्या दिवसापासून ते रस्त्यात आलोचशी बोलेनासे झाले.

शेवटी तो दिवस उजाडला. ताई आली, जेवली, भावजयीशी गप्पा मारल्या, भाचीच्या ऑफिसातल्या भानगडी चवीने ऐकल्या. ऊन उतरलं तसा आलोच उठला आणि कुणी न सांगता गच्चीवर गेला. अंधार पडायच्या आत पाणसळ लावून झाली, होकायंत्र झालं, वेळ भरून झाली. लेक ताईसाठी खुर्ची घेऊन वर आली आणि बापाला वेळेआधी तयार बघून दारातच थबकली. मागोमाग ताई आणि बायकोही वर आल्या.

पहिली खेप फसली. दुसरीही फसली. तिसऱ्या वेळी त्याने स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने मानेवर दोन टिचक्या मारल्या, कारण कॉम्प्रेसर अडला की तो हेच करत असे. कॉम्प्रेसर ऐकतो. हिने ऐकलं नाही.

"बाबा, मी बघू का?" लेक म्हणाली.

"तू अकलेचे तारे तोडू नकोस. आहेत तेच मला सापडेनात."

ताई खुर्चीत आरामात बसून चहा पीत होती. तिला कसली घाई दिसत नव्हती, आणि त्यामुळे आलोचचा जीव आणखीच टांगणीला लागला होता. वरच्या पायरीवरून बैठकीच्या खोलीतलं घड्याळ दिसत नव्हतं, म्हणून त्याने खिशातला फोन काढून बघितला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. साडेसात वाजून गेले होते.

त्याने डबा खाली ठेवला.

"ताई, चल," तो म्हणाला. "टॅक्सी आली असेल. तुझी बॅग मी घेतो."

"बस रे, वेळ आहे अजून."

"वेळ गेला, ताई. तेव्हाही मी उशिरा आलो, आजही उशीरच झाला. फरक एवढाच, की तेव्हा मी कुठेतरी भटकत होतो आणि आज ऊन उतरल्यापासून इथेच उभा होतो. मला जमतच नाही. तू माझ्यासाठी रांग सोडलीस, ते मी कधी विसरलो नाही."

त्याने उगीच पाणसळ उचलून फडक्याने पुसायला घेतली. ताईने कप खाली ठेवला, मनगट जिन्यातल्या दिव्याकडे केलं आणि घड्याळ बघितलं.

"अरे, पण सात वाजून पाचच मिनिटं झालीत."

"तुझं घड्याळ बंद पडलंय."

"माझं बंद पडलेलं नाही. या घड्याळावर मी आयुष्यभर शाळेची घंटा दिली आहे."

बायको वाळत घातलेली चादर काढायला लागली. ती चादर अजून ओली होती. लेक मान वळवून डॉक्टरांच्या पडद्याकडे फार लक्षपूर्वक बघायला लागली. फ्रिज दुरुस्त करताना दोष नेमका कुठे आहे हे आलोचला आवाजावरून कळत असे. इथे आवाज नव्हता, तरी कळलं.

"काय केलंत तुम्ही?" त्याने विचारलं.

"अहो, दहाच मिनिटं," बायको चादरीमागून म्हणाली. "लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात. तुम्ही वेळेवर निघावं म्हणून भिंतीवरचं घड्याळ जरा पुढे सरकवलं. त्यात काय एवढं."

"दहा?" लेक गर्रकन वळली. "आई, मला वाटलं ते बरोबर आहे. मी पाच मिनिटं पुढे केलं. माझ्या परीक्षेच्या वेळी बाबा सोडायला येणार होते ना, तेव्हा. आणि मग बाबांना शंका येऊ नये म्हणून त्यांच्या फोनमध्येही तीच वेळ टाकली."

"झाली पंधरा," आलोच म्हणाला. "पंचवीसचा फरक आहे. राहिलेली दहा कुणाची?"

बायकोने लेकीकडे बघितलं, लेकीने आईकडे. मग ताईने घसा साफ केला.

"ते घड्याळ तुला लग्नात मी दिलं होतं ना," ती म्हणाली, "ते देतानाच दहा मिनिटं पुढे लावून दिलं होतं."

आलोच मटकन खालीच बसला. त्याच्या जिवाभावाच्या तीन बायकांनी, एकमेकींना ताकास तूर लागू न देता, त्याला आयुष्यभर पंचवीस मिनिटं पुढे ढकललं होतं, आणि तरीही तो सगळीकडे उशिराच पोचला होता. याचा राग यावा की लाज वाटावी, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. मग त्याची नजर डब्याकडे गेली.

"म्हणजे या बिचाऱ्याला मी आठवडाभर चुकीची वेळ सांगतोय."

"तेच तर, बाबा," लेक म्हणाली. "तो तारा पंचवीस मिनिटांनी जिथे पोचणार, तिथे हे मशीन आत्ताच जाऊन उभं राहतं. तारा अजून वाटेत असतो. आणि तिथे जो कुणी दिसेल त्याला तुम्ही 'हो, हाच' म्हणता."

आलोचने दुर्बिणीच्या मानेकडे बघितलं. त्याने तिला टिचक्या मारल्या होत्या, नको नको ते बोलला होता, आणि ती बापडी रोज वेळेआधी जाऊन वाट बघत उभी राहत होती. त्याने फडकं घेऊन मानेवरून एक हात फिरवला, माफी मागितल्यासारखा.

"ताई, वेळ सांग. तुझ्या घड्याळातली."

ताईने सांगितली, त्याने भरली. नळी उत्तरेला आडवी केली. मान गुरगुरली, वळली आणि पश्चिमेला अभिजित नावाचा मोठा निळसर तारा होता त्याच्या रोखाने थांबली. या वेळी त्याने आधी नळीच्या पाठीवरून आभाळात बघितलं आणि मग आत डोळा लावला. तारा जरासाच बाजूला, हाताशी आल्यासारखा होता. बटण दोनदा दाबलं, तो मधोमध आला. दुसरा ताराही तसाच आला. डबा म्हणाला, जमलं.

"म्हणतोय तर खरं," बायको म्हणाली. "डॉक्टरांना आधी कळवू का?"

तिच्याकडे लक्ष न देता त्याने शनी मागितला. नळी दक्षिणेकडे वळली, डॉक्टरांच्या खिडकीवरून, टाकीवरून, आणि बरीच वर जाऊन थांबली. आलोच पुढे झाला, नळीपर्यंत वाकला आणि डोळा न लावताच मागे सरला.

"आधी तू," तो म्हणाला.

ताईने चष्मा कपाळावर चढवला आणि वाकली. कितीतरी वेळ ती तशीच वाकून राहिली. आलोचला वाटलं, पुन्हा डॉक्टर लागले.

"दिसतंय का काही?"

"कडी आहे रे," ताई म्हणाली. तिचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा झाला होता. "खरंच कडी आहे. कुणी कापून चिकटवल्यासारखी."

आलोचला आभाळ ठेंगणं झालं. लेकीने त्याचा दंड धरला, बायकोने ती ओली चादर पुन्हा दोरीवर टाकली. खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि ताईचा फोन वाजला. साडेसात झाले होते, खरे साडेसात.

"ताई," आलोच म्हणाला, "टॅक्सी आली. चल, उशीर होईल. विमान आहे तुझं."

ताईने डोळा नळीवरून न काढता चाचपडत फोन कानाला लावला.

"आलोच," ती थेट भावाच्या सुरात म्हणाली, आणि जागची हलली नाही.