भट्टीची चिमणी येऊ दे

मी एक जुनी पितळी चावी आहे, मित्रांनो. कुलपाची नव्हे, एका छोट्या विमानाच्या इंधनाची. विमानाच्या दोन पंखांत दोन टाक्या. मला डावीकडे वळवलं की इंजिनाला डावी टाकी पाजते, उजवीकडे वळवलं की उजवी. कारखान्यात मला घासून लखलखीत केलं, तेव्हा माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

माझे मालक स्वतःच विमान चालवत. डाव्या टाकीवर उडायचं आणि ती संपत आली की नेमकी दिसणारी वीटभट्टीची उंच चिमणी आली की मला उजवीकडे फिरवायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. इंधनाचे काटे बिघडले, तरी त्यांनी दुरुस्त केले नाहीत. "माझी चिमणी कधी बिघडत नाही," असं ते चारचौघांत सांगत. लोक माना डोलावत आणि मीही फुशारून जाई.

त्या दिवशी शेजारी त्यांची लेक बसली होती, नुकतीच विमान चालवायला शिकलेली. हवा धुरकट होती. चिमणी काही दिसेना.

"बाबा, चिमणी पाडली म्हणे. मेकॅनिककाका सांगत होते. चावी फिरवू का?"

"तुझे काका रोज काहीतरी पाडतात. हात लावू नकोस. चिमणी येऊ दे."

चिमणी शोधायला त्यांनी विमान खाली घेतलं, मग आणखी खाली. तिने पुन्हा हात पुढे केला, तर त्यांनी त्यावर फटका मारला. पोटच्या पोरीपेक्षा पाडलेल्या विटांवर भरवसा! मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मालक नुसते बघत राहिले. मला फिरवलं ते तिनेच. पण इंधन इंजिनापर्यंत पोहोचायला थोडा वेळ, म्हणजे थोडी उंची हवी होती, आणि चिमणी शोधण्यात ती उधळून झाली होती.

विमान कोसळलं. लेक जागीच गेली. तिची बोटं माझ्यावरून सोडवावी लागली. मालकांना नुसतं खरचटलं.

मेकॅनिकने उजवी टाकी त्यांच्यासमोर बादल्यांत रिकामी केली. ती जवळजवळ भरलेलीच होती. "साहेब, चिमणी पाडल्याचं मी तुम्हालाही सांगितलं होतं," एवढंच तो म्हणाला.

आता मालकीणबाई मला रोज घासतात आणि मालकांच्या ताटाशेजारी ठेवतात. एक शब्द बोलत नाहीत. ते मला उजवीकडे वळवतात आणि मगच घास घेतात.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं मी सांगणार नाही. माझी तर फारच घेतात. शेजारचं माणूस काही सांगत असेल, तर तेवढं ऐका. मालक आता कान देऊन बसलेले असतात. पण घरात बोलतच कुणी नाही.