सेठजींचा उपास

मी सेठजी बोलतोय. तात्यापाऱ्यातल्या एखाद्या दुकानाचा मालक समजून नमस्कार करू नका, मी अजगर आहे. माझ्या जातीला बॉल पायथन म्हणतात. चार फूट लांबी, तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके आणि सरकारी नोंदणीचे कागद अगदी चोख. दिवसभर गादीवर बसल्यासारखा एका जागी बसतो, म्हणून मला पाळणाऱ्या चेतनाने हे नाव ठेवलं. मला ते शोभतं.

जंगल मी पाहिलेलं नाही. वीतभर होतो तेव्हा चेतनाने मला शंकर नगरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत आणलं. दर पंधरा दिवसांनी, रविवारी, ती गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात मऊ करायची, चिमट्यात धरून माझ्यापुढे हलवायची आणि मी झडप घालायचो. चार वर्षांत मी एकदाही जेवण नाकारलं नाही.

मार्चमध्ये ऑफिसने तिला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला दिल्लीला पाठवलं आणि मी तिच्या आईवडिलांकडे तात्यापाऱ्यात, हिंदी मुलखातल्या या जुन्या मराठी वस्तीत आलो. वडील शामराव उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं होते. लालभडक सळयांना न भिणारा हा माणूस मला पाहून पलंगावर चढून बसला. आई शेवंताबाई मात्र शांत होत्या. "पोट्टीचं जनावर हाय, मंग आपलंच झालं," एवढंच म्हणाल्या.

आणि नेमकं त्याच घरात मी तोंड मिटलं. शामराव लांबून चिमटा पुढे करायचे, मी जीभ काढून वास घ्यायचो (आमचं नाक जिभेवरच असतं म्हणा ना) आणि मान फिरवायचो. एक खेप गेली, दुसरी गेली. पाच खेपा झाल्या तोवर शामरावांची भीती पार पळाली होती. माझ्या काचेच्या पेटीजवळ खुर्ची टाकून ते तासन्‌तास बसायचे.

"खाय ना गा, सेठ. काहून रुसला तू?"

दर सोमवारी मला भाजीच्या काट्यावर ठेवायचे आणि वजन घटलेलं दिसलं की स्वतःच एक पोळी कमी खायचे.

जनावरांच्या डॉक्टरांनी पेटीची ऊब, पाणी, लपायची जागा सगळं तपासलं. "खाने में कुछ बदला है क्या?" त्यांनी विचारलं.

"कुछ नहीं, डॉक्टर साहब. वही चूहा है," दोघं एका सुरात म्हणाले. खोटं बोलत नव्हते हो. त्यांच्या लेखी खरंच काही बदललं नव्हतं. काय बदललंय ते मला ठाऊक होतं, पण सांगू कसं? इतका चिडलो होतो मी!

शेवटी चेतनाने फोनवर निकाल दिला. तिच्या ओळखीच्या नागपूरच्या शरच्चंद्रकडे असे वीस अजगर आहेत. रविवारच्या गाडीने तो येईल आणि मला कायमचा घेऊन जाईल. "बाबा, ऐसे तो मर जाएगा वो," ती म्हणाली. शामराव फोन ठेवून माझ्या पेटीजवळ जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवलेच नाहीत.

शनिवारी चेतना दिल्लीहून सुट्टी काढून आली. एक शेवटचा प्रयत्न म्हणून तिने उंदीर कोमट पाण्यातून काढला. शेवंताबाईंनी सवयीने हात पुढे केला. "आन, धुऊन देतो."

"धोना क्या है, आई? पानी से ही तो निकाला."

"नुसत्या पान्यानं काय होते? हळद, मीठ, अर्धं लिंबू लावून चोळा लागते. वशाट वास जाते मंग."

चेतनाने उंदीर धरलेला हात मागे घेतला. "हर बार धोया?"

"मंग? मटन आपन बिनाधुतलं खातो का? घरच्याले तसंच कसं द्यावं?" शामरावांनीही मान डोलावली.

"आई, उसी वास से तो वो खाना पहचानता है!"

 मग शामरावांनी न धुतलेला उंदीर चिमट्यात धरला आणि हात थेट पेटीत घातला. मी जीभ काढली. तोच वास! मी अशी झडप घातली की चिमटा त्यांच्या हातून उडाला. तीन वेटोळी घातली आणि सावकाश, तोऱ्यात, तिघांच्या देखत अख्खा उंदीर गिळला. राजासुद्धा इतक्या मानाने जेवला नसेल.

शामरावांनी लगेच नागपूरला फोन लावला. "भैया, टिकट कॅन्सल करो. सेठजी जेवले. आता ते कुठंच नाही जात." शेवटचं वाक्य लेकीकडे पाहून होतं. ती हसली आणि मला न्यायला आणलेली टोपली तिने माळ्यावर टाकली.

आता माझं वजन भरून आलंय, कातही झकास उतरली. गल्लीतली माणसं मला बघायला येतात आणि शामराव त्यांना माझी बढाई सांगतात.

शेवंताबाई मात्र अजून हळहळतात. "दहा हप्ते मीच उपाशी ठेवलं त्याले," म्हणतात. बाई, तेवढं मनातून काढून टाका. माझं जेवण इतक्या निगुतीने आजवर कोणी केलं नव्हतं. वाया गेले ते पाच उंदीर. बाकी सगळं मला पोचलं.