कडेलोटाचा डाव

तो खेळ कुठल्याच दुकानात मिळत नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी इंद्रजीतने नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये कपाट करून घेतलं, आणि उरलेल्या प्लायवुडमधून एक कडं कापलं. पॉलिश पेपरने घासून ते गुळगुळीत केलं. कडं पालथ्या पातेल्यावर, पातेलं परातीत, आणि कड्यावर कॅरमच्या सोंगट्या, काळ्या त्याच्या, पांढऱ्या चारुताच्या. टिचकी मारून दुसऱ्याच्या सोंगट्या खाली पाडायच्या आणि आपल्या टिकवायच्या, एवढाच खेळ. सोंगटी परातीत पडली की असा काही आवाज व्हायचा की खालच्या मजल्यावरचे कृष्णकांतकाका जिन्यातूनच विचारायचे, "भांडण चाललंय की खेळ?" चारुताने खेळाचं नाव ठेवलं कडेलोट. नियमही तिचाच. हरणाऱ्याने म्हणायचं "माग", आणि जिंकणारा मागेल ते कुरकुर न करता द्यायचं.

इंद्रजीत यात भलताच पटाईत. चारुता हरायची आणि थालीपीठं थापत बसायची.

मग तळोज्यातली त्याची कंपनी बंद पडली आणि तो मस्कतला गेला. चारुता सकाळी शाळेत शिकवायची, दुपारी घरी आली की कडं मांडायची. उजव्या हाताने पांढऱ्या सोंगट्या, डाव्याने काळ्या. डावा हात बिचारा रोज हरायचा. इंद्रजीतला ओला टॉवेल दारावर टाकायची खोड होती आणि त्यावरून ती त्याचं किती डोकं खायची. आता दार कोरडं असायचं, आणि तिला त्या कोरड्या दाराचाच राग यायचा. तिला तो हवा होता, टॉवेलसकट.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरात तो महिन्याच्या सुट्टीवर आला. पहिल्याच संध्याकाळी परात निघाली आणि चारुता चक्क जिंकली. दुसऱ्या दिवशीही जिंकली.

"सराव जोरात दिसतोय," तो म्हणाला. "माग."

तिने बिरड्याचे वाल सोलून मागितले. मग माळ्यावरचे डबे खाली काढून मागितले. एकदा केसांना तेल लावून मागितलं, तेव्हा तो इतकं हळू तेल लावत बसला की ती लाजली. रोज तो हरायचा, रोज "माग" म्हणायचा आणि तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहायचा. आपल्या खेळावर फिदा झालाय, असं बाईसाहेबांना वाटायचं.

मागायचं तर तिला एकच होतं. परत जाऊ नकोस. पण तिथे त्याचं बस्तान बसलेलं, मुकादम झालेला. खेळात जिंकून कुणाचं चांगलं चाललेलं मोडायचं का? तो आपणहून म्हणाला असता, तर गोष्ट वेगळी होती. तो काही म्हणाला नाही.

शेवटचा डाव निघायच्या दिवशी झाला. बॅगेला दोरी बांधली होती, देवाला नमस्कार झाला होता, हातावर दही पडलं होतं. टॅक्सी यायला वेळ होता म्हणून बसले. समोर अगदी सोपी टिचकी होती, ती चुकवून इंद्रजीतने आपलीच सोंगटी परातीत घातली.

"माग," तो म्हणाला.

शब्द तिच्या ओठांवर आला. पण हातावर दही घातलेल्या माणसाला अडवायचं नाही, कुठे चाललास असंसुद्धा विचारायचं नाही, हे आईने तिच्या डोक्यात पक्कं बसवलेलं.

"पोचलास की फोन कर."

"एवढंच?"

"एवढंच."

आठवड्याभराने कृष्णकांतकाका वर आले. परात वाजत नाही म्हणून त्यांना करमेना. दोघं खेळायला बसले आणि काका हरले.

"तू निदान दोन सोंगट्या तरी पाडू देतेस," ते म्हणाले. "तुझा नवरा, तू शाळेत गेलीस की मला खाली येऊन घेऊन जायचा आणि असा धुवायचा! एका टिचकीत दोन-दोन. महिनाभरात एक डाव घेऊ दिला नाही."

चारुताचा हात कड्यावर थांबला. "माझ्याशी तर रोज हरत होते, काका."

"मुद्दाम हरत असेल." काका परातीतल्या सोंगट्या गोळा करत होते. "मी विचारलं त्याला, पुढचं काय ठरलं? म्हणाला, नव्या करारावर अजून सही केली नाही. चारू काय म्हणते ते बघतो."

चारू काय म्हणाली होती? वाल सोल, म्हणाली होती. चारुताला स्वतःला बदडून काढावंसं वाटलं.

मस्कतहून फोन यायचा तो काकांकडे, दर शुक्रवारी. काकू तांदूळ निवडत बसलेल्या, काका पेपरात तोंड घालून. त्यांच्यासमोर चारुता नेहमी नवऱ्याला अहो-जाहो करायची.

"अहो, मागितलेलं बदलता येतं का?"

पलीकडे खरखर. "आता कसं? फोन केला की मी."

"मग त्याच्या आधीचं. ते वाल परत घ्या." कोण ऐकतंय याचं तिला भान राहिलं नाही. "इंद्रजीत, तू घरी ये. मला नाही राहवत तुझ्याशिवाय."

तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"परवाच सही केली, चारू. दोन वर्षांची." मग हळूच म्हणाला, "रोज हरत होतो गं मी."

"कळलं. काकांनी सांगितलं."

"तू मागितलंच नाहीस."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

काकू तांदळाचं ताट घेऊन आत गेल्या.

"आता मागितलंय," चारुता म्हणाली. "दोन वर्षांनी दे. पण द्यायचं."

"कुरकुर न करता," तो म्हणाला.

वर आल्यावर तिने कडं मांडलं. उजव्या हाताने मुद्दाम सोप्या टिचक्या चुकवल्या. पांढऱ्या सोंगट्या एकेक करून परातीत पडल्या, आणि डावा हात पहिल्यांदाच जिंकला. "माग," ती मोठ्याने म्हणाली, आणि समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघत बसून राहिली.